जुन्या गाडीच्या दाराचं रबर बदलायचंय? नाशिकच्या जुन्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

माझ्याकडे बाबांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी (म्हणजे आपली फियाट) आहे, सिडकोत घराखाली उभी असते आणि अजून रोज नाही पण आठवड्यातून दोनदा तरी रस्त्यावर येते. तिच्या चारही दारांचं रबर मी दोनदा बदललंय, म्हणजे पहिल्यांदा चुकीचं बदललं आणि मग सगळं काढून परत नीट केलं. तेव्हापासून ओळखीतले फियाटवाले, अँबेसेडरवाले, एक-दोन स्टँडर्ड हेराल्डवाले पावसाळा जवळ आला की तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

रबर गेलंय हे कसं ओळखायचं? दिसायला तर ठीक दिसतंय.

दिसण्यावर जाऊ नका, बोटाने दाबून बघा. चांगलं रबर दाबलं की लगेच परत वर येतं. गेलेलं रबर एकतर दाबलंच जात नाही, दगडासारखं कडक झालेलं असतं, नाहीतर दबून तसंच चपटं राहतं. अंगठ्याने घासल्यावर काळं लागत असेल, वाकवल्यावर बारीक बारीक भेगा उघडत असतील तर ते संपलं. ह्या भेगा नुसत्या उन्हाने पडत नाहीत, हवेतला ओझोन नैसर्गिक रबराला चिरतो, आणि जिथे रबर ताणलेलं किंवा वाकलेलं आहे तिथे आधी चिरतो, म्हणून कोपरे सगळ्यात आधी जातात.

दुसरी खूण धुळीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी रोडने द्राक्षाच्या बागांच्या बाजूला आत कच्च्या रस्त्यावर दहा मिनिटं गाडी फिरवा आणि घरी येऊन दार उघडून चौकट बघा. रबर जिथे नीट टेकत नाही तिथून धुळीची पांढरी रेघ आत गेलेली दिसते. पाण्यापेक्षा धूळ जास्त स्पष्ट सांगते कारण ती वाळून उडून जात नाही, जिथे शिरली तिथेच बसलेली असते.

पायाखाली पाणी येतंय म्हणजे दाराचंच रबर ना?

नाही हो, आणि ह्याच गैरसमजात मी पहिल्यांदा सगळे पैसे घातले. पाणी जिथे दिसतं तिथून ते शिरलेलं असतंच असं नाही. पुढच्या काचेच्या रबराखालून, वायपरच्या दांड्याभोवतीच्या छोट्या रबरातून, बॉनेट आणि काच यांच्या मधल्या पत्र्यातून, फ्लोअरचे रबरी बूच गळून पडलेत तिथून, असं कुठूनही येऊन ते कार्पेटखालून वाहत सगळ्यात खोल जागी जमतं. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली जे तळं व्हायचं ते पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून येत होतं आणि मी दाराचं रबर बदलून मोकळा झालो होतो.

म्हणून आधी कार्पेट उचला, त्याखालचा फेल्ट काढून उन्हात टाका (तो पाणी धरून ठेवतो आणि पत्रा आतून सडवतो), फ्लोअर कोरडा पुसा आणि कोणाला तरी आत टॉर्च घेऊन बसवा. बाहेरून साधा पाईप, प्रेशर नाही, नळाला लावतो तोच, खालून वर घेत या. आधी दाराची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग काच. एकेका जागी दोन-तीन मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. माझ्याबरोबर माझी मुलगी आत बसली होती, तिने पाच मिनिटांत जागा दाखवली जी मला दोन पावसाळे सापडली नव्हती.

दाराच्या आत, पॅनलच्या मागे पाणी जातंय. हे पण रबरामुळेच?

दाराच्या पोकळीत पाणी जाणं नॉर्मल आहे, सगळ्या गाड्यांत जातं. काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी पट्टीतून आत उतरतंच आणि दाराच्या खालच्या कडेला जी भोकं असतात त्यातून बाहेर पडतं. खरी भानगड होते ती ही भोकं बुजल्यावर. चिखल, जुनं अंडरकोट, कधी पेंटरने मारलेली पुट्टी. बारीक तार घालून मोकळी करा, आणि नवीन रबर चिकटवताना त्यांच्यावर सोल्युशन किंवा रबर अजिबात येऊ देऊ नका. आतल्या पॅनलमागे प्लॅस्टिकचा कागद असतो तो फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक कापून नवीन लावा आणि त्याचं खालचं टोक दाराच्या पोकळीत सोडा म्हणजे पाणी आत गाडीत न येता खाली जाईल. जुन्या गाड्यांत हा कागद कोणीतरी स्पीकर बसवताना फाडून फेकलेला असतो.

मग आधी काय करू, रबर की दार?

दार. ह्याबद्दल मी कोणाशीही भांडायला तयार आहे. रबर हे सगळ्यात शेवटचं काम आहे. दार चौकटीत सरळ बसत नसेल तर जगातलं कुठलंही रबर ते सांभाळून घेऊ शकत नाही, कारण वरच्या बाजूला फट दहा मिलिमीटर आणि खाली तीन, अशा दाराला एकच रबर एकीकडे टेकणार नाही आणि दुसरीकडे चिरडून जाणार.

दार अर्धं उघडा आणि टोकाला धरून वर उचलून बघा. खडखड हललं तर हिंजची पिन आणि बुश गेलेत, चाळीस-पन्नास वर्षं दार उघडून-लावून ते झिजणारच. ते आधी बदलून घ्या. मग लॉकचा स्ट्रायकर बघा, म्हणजे चौकटीवरचा तो भाग ज्यात खटका अडकतो. त्याचे स्क्रू सैल करून तो आत-बाहेर, वर-खाली सरकवता येतो. जुना स्ट्रायकर काढण्याआधी त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा म्हणजे काही बिघडलं तर परत पहिल्या जागी आणता येईल. दार लावल्यावर बाहेरून पत्र्याला पत्रा लेव्हलमध्ये यायला हवा. आणि हे सगळं जुनं रबर काढून टाकल्यावर करायचं, कारण कडक झालेलं रबर दाराला ढकलून धरतं आणि खरी फट कळू देत नाही.

डुक्कर फियाट (पद्मिनीच्या आधीची जुनी फियाट ११००) असेल तर जास्तच लक्ष द्या, तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, हिंज मागे आणि उघडणारी कड पुढे, वाऱ्याच्या तोंडावर. तिथे लॉक पक्कं बसणं ही सेफ्टीची गोष्ट आहे, त्यामुळे जाड रबर घालून दार अर्धवट लागतंय असं अजिबात चालणार नाही.

दुकानात नुसतं "फियाटचं डोअर रबर" मागितलं तर चालेल?

चालेल म्हणजे मिळेल, पण बसेल का ते सांगता येत नाही. पद्मिनी बंद होऊन आता पंचवीस वर्षं झाली, अँबेसेडर २०१४ ला थांबली, त्यामुळे पाकिटावर नाव काहीही असलं तरी आत बाहेरच्या कोणीतरी काढलेला माल असतो आणि जाडी प्रत्येकाची वेगळी. शिवाय आपल्या गाडीला आजवर किती वेळा डेंटिंग झालंय, पत्रा किती जाड झालाय, कलरचे किती थर आहेत, ते वेगळंच. नावाने घेऊ नका, फट मोजून घ्या.

मोजायची माझी पद्धत घरगुती आहे. आईकडून घट्ट मळलेली कणिक मागून घेतली, लाडवापेक्षा लहान गोळे केले, प्रत्येक गोळा पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला आणि चौकटीवर जिथे रबर टेकतं तिथे आठ-दहा ठिकाणी मास्किंग टेपने चिकटवले, वर, खाली, हिंजजवळ, लॉकजवळ. मग दार हळू पण पूर्ण लावायचं, लॉकचा दुसरा खटका लागेपर्यंत, आणि उघडून दबलेल्या कणकेची जाडी मोजायची. कंपासमधली पट्टी पण चालते पण व्हर्नियर असेल तर उत्तम. सगळे आकडे कागदावर दाराचं चित्र काढून त्यावर लिहा. आता समजा फट साधारण आठ मिलिमीटर आली, तर बारा मिलिमीटरचं पोकळ किंवा स्पंजचं रबर घ्या म्हणजे ते एक तृतीयांश दबेल. खूप कमी दबलं तर पाणी अडत नाही, अर्ध्याच्या वर दबलं तर दार लागत नाही आणि रबर लवकर मरतं.

एका ठिकाणी आठ आणि दुसऱ्या ठिकाणी चौदा असे आकडे आले तर रबर घ्यायला जाऊ नका, परत डेंटरकडे जा.

ईपीडीएम, पीव्हीसी, स्पंज, यू बीडिंग... नक्की काय मागायचं?

आधी तुमच्या गाडीत रबर धरतं कसं ते बघा. काही ठिकाणी ते चिकटवलेलं असतं, काही ठिकाणी पत्र्याच्या उभ्या कडेवर दाबून बसवलेलं असतं, ज्याच्या यू आकारात आतून स्टीलची तार किंवा पट्टी असते. चिकटवायचं असेल तर मागची बाजू सपाट असलेलं डी टाइप घ्या. पत्र्याच्या कडेवर बसवायचं असेल तर यू बीडिंग, ज्याच्या बाजूला किंवा डोक्यावर मऊ पोकळ नळी असते, आणि त्यासाठी पत्र्याच्या कडेची जाडी मोजून न्या, कारण ही बीडिंग ठराविक जाडीसाठीच पकड घेते.

मटेरियल म्हणाल तर जिथे रबर दबतं तिथे ईपीडीएम (एक प्रकारचं कृत्रिम रबर), दुसरं काही नाही. ऊन, पाऊस, ओझोन, उष्णता सगळं ते साध्या रबरापेक्षा खूप चांगलं सोसतं. फक्त तेल-डिझेल त्याला चालत नाही, ते पुढे सांगतो. पीव्हीसी म्हणजे प्लॅस्टिकच, ते स्वस्त असतं, नवीन असताना छान मऊ आणि चकचकीत पण असतं, म्हणून फसायला होतं, पण उन्हात त्यातला मऊपणा निघून जातो आणि ते आक्रसतं. मी पहिल्यांदा घेतलं ते हेच, दुकानदाराने ओरिजिनल रबर म्हणून दिलं आणि दीड वर्षात प्रत्येक दाराच्या जोडावर बोटभर फट पडली.

ओळखायची सोपी पद्धत म्हणजे वीतभर तुकडा सॅम्पल म्हणून आणा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये टाका. सकाळी पीव्हीसी काठीसारखं ताठ झालेलं असतं, ईपीडीएम बऱ्यापैकी मऊ राहतं. स्पंज असेल तर आणखी एक करा, तुकडा रात्रभर वाटीभर पाण्यात बुडवून ठेवा, बाहेरून पुसा आणि टिश्यू पेपरवर दाबा. बंद छिद्रांचा चांगला स्पंज पाणी पीत नाही, टिश्यू जवळपास कोरडा राहतो. पाणी निथळलं तर तो स्पंज भांडी घासायला ठेवा, दाराला नको, तो पत्र्याला चिकटून ओला राहील आणि आतून गंज आणेल.

नाशिकमध्ये मिळतं का की मुंबईलाच जावं लागतं?

मीटरवर विकलं जाणारं डी टाइप आणि यू बीडिंग नाशिकमध्येच मिळतं. ऑटो पार्ट्सच्या दुकानांत विचाराच, पण कार डेकोरवाल्यांकडे आणि सातपूर-अंबडच्या बाजूला जी इंडस्ट्रियल रबरची, गॅस्केट-होजची दुकानं आहेत तिथे पण बघा, कारण मशीनच्या आणि पॅनलच्या दरवाजांना लागणारं रबर तेच असतं आणि तिथे माल चांगला असतो. कणकेचे आकडे आणि जुन्या रबराचा तुकडा बरोबर न्या, गाडीचं नाव सांगायची गरजच पडत नाही.

ठराविक आकाराचं मोल्ड केलेलं रबर, म्हणजे पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेचं, ते मात्र मीटरवर मिळत नाही. त्यासाठी मुंबईत ऑपेरा हाउसचा भाग, पुण्यात नाना पेठ, आणि अँबेसेडर असेल तर कोलकात्याचा मल्लिक बाजार, दिल्लीचं कश्मीरी गेट असे पार्ट्सचे जुने बाजार आहेत, कोणी ओळखीचं तिकडे जात असेल तर फोटो आणि मापं देऊन ठेवा. आणि जुनं त्रिकोणी काचेचं रबर कितीही खराब असलं तरी नवीन हातात येऊन जुळवून बघेपर्यंत फेकू नका.

किती मीटर घ्यायचं?

सुतळी घ्या, रबराच्या मार्गाने पूर्ण फिरवा, मोजा. माझ्या पुढच्या दाराला साडेतीन मीटरच्या आसपास लागलं. प्रत्येक दारामागे एक वीत जास्त धरा आणि चारही दारांचं एकाच वेळी, एकाच बंडलातून घ्या. नंतर तेच माप मागायला गेलात तर मिळतंच असं नाही.

जुनं रबर आणि जुनं सोल्युशन कसं काढायचं? कलर खराब होण्याची भीती वाटते.

भीती बरोबर आहे. थिनर वापरू नका. जुन्या गाड्यांवरचा कलर थिनरने विरघळतो, दोन मिनिटांत पत्रा दिसतो. रबर ओढून काढा, मग उरलेलं सोल्युशन हेअर ड्रायरने कोमट करा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. लोखंडी पटाशी, स्क्रूड्रायव्हर लांब ठेवा. जे राहील त्यावर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवा, फुगलं की अंगठ्याने वळून निघतं. आधी कुठेतरी न दिसणाऱ्या जागी टर्पेंटाइन लावून बघा कलरला काही होत नाही ना. टर्पेंटाइन मागे तेलकट थर सोडतं, त्यावर नवीन सोल्युशन धरत नाही, म्हणून शेवटी साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

ह्या कामाला एका दाराला माझे दोन तास गेले आणि बसवायला एक तासच लागला. तेवढाच हिशोब धरा.

रबराखाली गंज निघालाय, काय करू?

निघणारच, विशेषतः खालच्या कोपऱ्यात. त्यावर तसंच रबर चिकटवलं तर गंज झाकला जातो, थांबत नाही, आणि काही महिन्यांत पापुद्र्यासकट रबर सुटून येतं. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, खड्ड्यात राहिलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर लावा, मग प्रायमर आणि गाडीचा कलर. भोक पडलं असेल तर वेल्डिंग करून घ्या, पुट्टी भरून भागवू नका.

नवीन कलर झाल्यावर लगेच रबर चढवायचं नाही. वरून कोरडा वाटला तरी कलर आतून कच्चा असतो, दबलेलं रबर त्याला चिकटून बसतं आणि दार उघडताना कलर घेऊन येतं. मी दोन आठवडे थांबलो, दारं मास्किंग टेपच्या पट्ट्या लावून बंद ठेवायचो.

कुठलं सोल्युशन? सिलिकॉनची ट्यूब आहे घरी.

ती बाथरूमसाठी राहू द्या. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सेट होताना ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज लावतं, शिवाय पुढे त्यावर दुसरं काही चिकटत नाही. थ्री एमचं वेदरस्ट्रिपचं खास काळं सोल्युशन येतं ते सगळ्यात चांगलं. नाहीतर फेविकॉल एसआर ९९८ सारखं रबर बेसचं कॉन्टॅक्ट सोल्युशन. ह्याचा नियम असा की दोन्हीकडे लावायचं, पत्र्याला पण आणि रबराला पण, पातळ थर, आणि मग थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लावलं तर बोटाला येत नाही पण चिकट वाटतं, तेव्हाच दाबायचं. ओलं असताना दाबलं की ते सरकत राहतं आणि बहुतेक लोकांचं रबर सुटतं ते ह्याच घाईमुळे. एकदा टेकलं की मात्र हलवता येत नाही. ईपीडीएमवर सोल्युशन तसं नाखुशीने धरतं म्हणून रबराची मागची बाजू पॉलिश पेपरने हलकी खरबरीत करा आणि अल्कोहोलने पुसा, नवीन रबरावर फॅक्टरीतली पावडर असते ती पण जाते.

उघड्या जागेत करा, ह्याची वाफ डोकं चढवते आणि पेटते सुद्धा. बाजूला कोणी बिडी-सिगारेट ओढत उभा राहिला तर लांब जायला सांगा.

कुठल्या महिन्यात करावं?

फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात हवा दमट असताना सोल्युशन वाळता वाळता थंड पडतं आणि त्यावर ओलावा धरतो, पांढुरकी साय आल्यासारखी दिसते, तिथे पकड येत नाही. आणि आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची सकाळ तुम्हाला माहितीये, त्या थंडीत रबर ताठ असतं, सोल्युशन वाळत नाही. थंडीतच करायचं झालं तर दुपारी करा, रबराचं बंडल तासभर उन्हात ठेवून. मेच्या भर उन्हात मात्र तापलेल्या पत्र्यावर सोल्युशन ब्रशलाच वाळतं, सावलीत घ्या.

आता बसवायचं कसं ते सांगा.

आधी काहीही न चिकटवता पूर्ण रबर मास्किंग टेपने दारावर लावून बघा आणि दार लावून बघा. ह्याला कंटाळू नका. ह्यात जे कळतं ते चिकटवल्यावर कळून उपयोग नसतो.

सुरुवात आणि जोड खालच्या कडेला, मध्यभागी घ्यायचा, वर कधीच नाही. वरून पाणी येतं तेव्हा जोडावरच पडेल असं कशाला करायचं. एका वेळी दीड-दोन फुटांचा भाग घ्या, सोल्युशन, थांबणं, दाबणं, मग पुढचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रबर ओढायचं नाही. हात आपोआप ओढतो, सरळ दिसावं म्हणून. ओढून लावलेलं रबर त्या दिवशी सुंदर दिसतं, पण ते हळूहळू आपल्या मूळ लांबीवर परत येतं, मग कोपरे गोल होऊन पत्र्यापासून उचलले जातात आणि जोड उघडतो. उलट करा, चिकटवताना किंचित मागे ढकलत, कोपऱ्यात तर थोडं जास्तच रबर भरत जा. कोपऱ्यात वाकवताना पोकळ नळी चेपून बंद होत असेल तर वळण मोठं घ्या, किंवा आत बारीक लवचिक नळीचा तुकडा सरकवा म्हणजे आकार राहतो.

पोकळ रबराला बारीक भोकं असतील तर ती बुजवू नका, दार लागताना आतली हवा तिथून निघते. ती भोकं आतल्या, कोरड्या बाजूला येतील असं रबर धरा.

शेवटी जोड. कापताना तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवा, नवीन ब्लेडने एका झटक्यात सरळ कापा, नळीत जोडाच्या दोन्हीकडे जाईल असा छोटा तुकडा घाला आणि टोकं एकमेकांवर ढकलून फेविक्विकच्या एका थेंबाने जोडा. यू बीडिंग असेल तर ती रबरी हातोडीने ठोकत जा, आणि कापल्यावर आतल्या स्टीलच्या तारेचं टोक बाहेर राहिलं तर पकडीने अर्धा सेंटीमीटर आतून तोडा, नाहीतर तेच आधी गंजून तांबडे ओघळ आणतं. मग दार लावू नका लगेच. तासभर उघडं ठेवा, जागोजागी टेप लावून, आणि मग हळू लावून रात्रभर तसंच राहू द्या.

नवीन रबर बसवलं आणि आता दार आपटावं लागतंय!

थोडं जड लागणं ठीक आहे, एक-दोन आठवड्यांत रबर आपली बैठक घेतं. दारं पूर्ण लावून ठेवा, पहिल्या खटक्यावर अर्धवट नको. आणि लावताना एक काच दोन बोटं उघडी ठेवून बघा, बऱ्याचदा अडवते ती आत कोंडलेली हवा, रबर नाही. महिन्यानंतरही खांदा लावावा लागत असेल तर रबर जाड आहे, ते मान्य करून बदला. स्ट्रायकर बाहेर ओढून वेळ मारून नेली की दार पत्र्याच्या बाहेर उभं राहतं आणि परत गळायला लागतं. सतत आपटून लॉक आणि हिंज पुन्हा झिजतात ते वेगळंच.

सगळीकडे नीट टेकलंय हे कसं तपासू?

दहाची नोट रबर आणि चौकट यांच्यामध्ये ठेवा, दार लावा, ओढा. थोडं अडत अडत यायला हवी. सहज आली तर तिथे फट आहे. दर वीतभर अंतरावर असं करत पूर्ण फेरी मारा. किंवा चौकटीवर खडू फिरवा, दार लावून उघडा, रबरावर खडूची रेघ कुठे तुटते ते बघा. जिथे किंचित कमी पडतंय तिथे रबराखाली पातळ पट्टी चिकटवून उचलता येतं. मग पाण्याचा पाईप, पहिल्यासारखाच खालून वर.

पाणी थांबलं पण हायवेला शिट्टीसारखा आवाज येतोच.

बाहेरून सगळ्या दारांच्या फटींवर, त्रिकोणी काचेभोवती, मास्किंग टेप लावा आणि पाथर्डी फाट्यावरून विल्होळीपर्यंत एक चक्कर मारा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सोडा, तिथून तुम्हाला चढायचंय, ते शेवटी तुम्ही आत बसल्यावर दुसऱ्या कोणाला तरी बाहेरून टेप लावायला सांगून तपासा. आवाज गेला तर परत येताना एकेक टेप काढत या, ज्या टेपनंतर शिट्टी सुरू झाली ती जागा. माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा त्रिकोणी काचच असते, तिचं रबर आक्रसलेलं असतं आणि खटका सैल असतो. काचेच्या चॅनलमधलं फेल्ट झिजलं असेल तर काच खडखडते, तो आवाज वेगळा, काच हाताने दाबून धरली की थांबतो.

बसवल्यावर काळजी काय घ्यायची?

साध्या साबणाच्या पाण्याने महिन्यातून एकदा पुसा. वर्षातून दोनदा, एकदा पावसाच्या आधी आणि एकदा नंतर, सिलिकॉन ग्रीस बोटाला अगदी थोडं घेऊन चोळा आणि पुसून टाका. व्हॅसलीन, खोबरेल तेल, डिझेल, जुनं इंजिन ऑइल ह्यातलं काहीही नको, ईपीडीएम तेलाने फुगतं आणि मऊ लिबलिबीत होतं. पावसाळ्याआधी खालून डिझेल-ऑइलचा फवारा मारून घ्यायची आपल्याकडे सवय आहे, तो मारणार असाल तर दाराच्या खालच्या कडा झाकायला लावा. आणि गाडी कलरला जाणार असेल तर त्याआधी सिलिकॉन अजिबात लावू नका, पत्र्यावर त्याचा अंश राहिला तर कलरमध्ये माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि पेंटरला सगळं परत घासावं लागतं.

ओरिजिनल रबर काढलं तर गाडीची किंमत कमी होते का?

रबर टायरसारखं आहे, झिजणारी वस्तू. ओरिजिनल रबर ठेवून ओरिजिनल फ्लोअर सडवण्यात काय अर्थ आहे. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, त्यात चॅसिस, बॉडी शेल, इंजिन मूळ असण्याला महत्त्व आहे, आणि बॉडी शेल शाबूत राहायची तर पाणी आत येऊन चालणार नाही. जुना तुकडा नमुना म्हणून पिशवीत नाव-तारीख घालून जपून ठेवा, पुढच्या वेळी दुकानात दाखवायला तोच लागतो.

स्वतः करू की मिस्त्रीला देऊ?

हिंज, स्ट्रायकर, वेल्डिंग हे जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या डेंटरला द्या. असे लोक आता वयाने मोठे आहेत, वेळ लावतात, पण त्यांना फोनवरून घाई करू नका, समोर बसून चहा घेत काम बघा, खूप शिकायला मिळतं. रबर मात्र स्वतः बसवा. दिवसाला चार गाड्या काढायच्या असलेल्या माणसाकडे सोल्युशन वाळायची पंधरा मिनिटं नसतात, तुमच्याकडे असतात. पहिल्या दिवशी एकच दार करा, मागचं, ज्याच्या चुका कमी दिसतील, आणि उरलेली पुढच्या रविवारी.

डिकीचं रबर पण ह्याच वेळी बदलू का? तिथून पाणी तर येत नाही.

पाणी येत नसलं तरी बदला, आणि दारांच्या आधी बदललंत तरी चालेल. गाडी चालताना मागे जी कमी दाबाची पोकळी होते त्यात सायलेन्सरचा धूर फिरत राहतो, आणि काच उघडी असली की तो डिकीच्या फटीतून सीटमागून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्यांचं डोकं दुखतं, मळमळतं आणि आपण म्हणतो घाट लागला. माझ्या आईला कसारा घाटात दर वेळी उलटी व्हायची, डिकीचं रबर आणि मागच्या सीटमागचा फुटलेला पुठ्ठा बदलल्यावर ती मुंबईपर्यंत गप्पा मारत आली. नोटेची चाचणी डिकीला पण करा, आणि मागच्या लाइटच्या वायरी जिथून आत येतात तिथली रबरी बुचं आहेत का तेवढं वाकून बघा.